बीपी गोळीनं उतरतं, वार तीच राहते : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात गरोदरपणातल्या बीपीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक इंदूरमधूनच, एक महूहून, एक देवासहून. नावं कुणाचीच छापत नाही. आणि आधीच सांगते, इथलं उत्तर म्हणजे तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेणारं काही नाही, तपासणी का चाललीये हे समजावं एवढ्यासाठी लिहितेय.

प्रश्न : सुनेला आठवा लागलाय, ३३ आठवडे झाले. बीपी १५०/१०० निघालं होतं, गोळ्या सुरू केल्यापासून १३०/८० असतं. तरी आठवड्यातून दोनदा एनएसटीला (पोटावर पट्टे लावून बाळाचे ठोके बघतात त्या तपासणीला) बोलावतात, वरून डॉप्लर सोनोग्राफी. सुदामा नगरहून रिक्षा करून जायचं, उन्हाचे दिवस, पैसेही लागतातच. बीपी नॉर्मल झालंय तर एवढं कशाला? आमच्या वेळी यातलं काही नव्हतं.

काकू, बरं झालं विचारलंत, कारण हा प्रश्न मनात ठेवून घरच्या घरी तपासण्या बंद करणारे खूप आहेत, आणि ते मला नंतर कळतं.

बीपीची गोळी आईसाठी असते. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला की आईच्या मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती, ती भीती गोळीनं कमी होते. पण बाळाला सगळं मिळतं ते वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून. आणि खोट बहुतेक वेळा वारेतच असते, तीही पार सुरुवातीपासून. दिवस राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत वार रुजत असते तेव्हा गर्भाशयातल्या बारीक पिळदार रक्तवाहिन्या सैल, रुंद व्हायला हव्या असतात, काही जणींत त्या नीट होत नाहीत, अरुंदच राहतात. आपल्याकडे नर्मदेचा नळ येतो ना, घरापर्यंतचा पाइपच अर्धा इंची असेल तर मेन लाइनचं प्रेशर कमीजास्त करून टाकी लवकर भरत नाही, तसंच हे. गोळीनं प्रेशर आटोक्यात येतं, पाइप रुंद होत नाही. म्हणून बीपी १३०/८० आलं हे चांगलंच आहे, पण बाळाला पुरेसं पोचतंय की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते वेगळं बघावं लागतं.

आता एनएसटी म्हणजे काय होतं ते सांगते, एकदा सुनेबरोबर आत बसा, बहुतेक ठिकाणी बसू देतात. ती डाव्या कुशीवर किंवा अर्धवट टेकून बसते, पाठीवर सपाट नाही, पोटावर दोन पट्टे, एकाखाली बाळाचे ठोके ऐकणारी चकती, दुसरीखाली गर्भाशय आवळतंय का ते बघणारी. हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. कागद हळूहळू सरकत असतो. ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या मध्ये हवेत, पण नुसते तेवढे पुरत नाहीत, रेघ थरथरती हवी, आणि बाळ हललं की ठोके १५ नं तरी वर जाऊन निदान १५ सेकंद वर राहायला हवेत, असं २० मिनिटांत दोनदा झालं की आम्ही रिअॅक्टिव्ह म्हणतो. आपण जिना चढलो की छाती धडधडते तसं, हलल्यावर ठोके वाढणं ही मेंदूला प्राणवायू नीट मिळत असल्याची खूण. बाळ झोपलेलं असेल तर रेघ शांत येते, म्हणून ४० मिनिटं थांबवतात, तेव्हा घाबरू नका आणि सिस्टरवर चिडूही नका.

पण एनएसटी आजचं सांगतो, फार तर पुढच्या दोन-चार दिवसांचं. पुढच्या आठवड्याचं वचन तो देत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा. वाढीची सोनोग्राफी मात्र दर आठवड्याला करून उपयोग नसतो, मापात थोडी चूक असतेच, त्यामुळे साधारण तीन-तीन आठवड्यांनी केली तर बाळ खरंच वाढलं का ते कळतं. पाण्याचं माप बघतात कारण बाळाला रक्त कमी पडलं की ते मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं, किडनीकडे कमी जातं, लघवी कमी होते, आणि पोटातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. सगळ्यात खोल कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पाणी कमी. डॉप्लरमध्ये नाळेतला प्रवाह दिसतो, त्याबद्दल खाली एका पत्राच्या उत्तरात लिहिलंय.

खर्चाचं खरंय. एनएसटी, पाणी आणि डॉक्टरांची तपासणी एकाच दिवशी, एकाच फेरीत बसवून मागा, नाही म्हणत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते, २०१६ पासून चालू आहे, तिथेही कार्डावर जोखमीची नोंद करून घेता येते.

आणि काकू, आमच्या वेळी हे नव्हतं म्हणालात. खरंय, नव्हतं. पण आठवून बघा, वाड्यात, गल्लीत, आपल्याच नात्यात कुणीतरी असायचीच जिचं "आठव्यात पोटातच गेलं" असं हळू आवाजात सांगायचे आणि विषय बदलायचे. का गेलं हे त्या बाईला कुणी सांगितलं नाही.

प्रश्न : माझं पहिलंच बाळ, ३१ आठवडे, बीपी १४५/९५ च्या आसपास असतं. घरूनच कंपनीचं काम करते. डॉक्टरांनी हालचाली मोजायला सांगितल्यात पण मोजायचं काय तेच कळत नाही, कधी अर्ध्या तासात दहा होतात, कधी मीटिंगमध्ये असले की दिवसभरात हललं का तेही आठवत नाही. नणंद म्हणते शेवटी जागा कमी पडते म्हणून हालचाल कमीच होते. आणि ठोके ऐकायचं छोटं मशीन ऑनलाइन मिळतं ते घेऊ का?

अगं, दिवसभर मोजत बसायचंच नाहीये. एक वेळ ठरव, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतरची, तेव्हा बहुतेक बाळं जागी असतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, डाव्या कुशीवर पड, हात पोटावर. लाथ, ढुशी, वळणं, कूस बदलणं सगळं धर, उचकी धरू नकोस, ती एकसारखी टक-टक असते, कळते. घड्याळ बघून सुरू कर आणि दहा झाल्या की बघ किती वेळ लागला. दोन तासांत दहा व्हायलाच हव्यात. पण माझ्या मते या आकड्यापेक्षा तुझ्या बाळाची सवय जास्त मोलाची, कुणाचं बाळ पंधरा मिनिटांत दहा करतं, कुणाचं पाऊण तास लावतं, दोन्ही ठीक, पंधरा मिनिटांवालं एक दिवस दीड तास लावायला लागलं तर ते ठीक नाही.

माझ्याकडे एक बाई यायची, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या खाड्याशेजारी, प्रत्येक तारखेला एक बारीक आकडा, दहा हालचालींना लागलेली मिनिटं: २०, २५, २०, ३०. एका रात्री अकरा वाजता नवऱ्याला घेऊन आली, हातात ते कॅलेंडरच खिळ्यावरून काढून आणलेलं. म्हणाली, ताई, आज दोन तास झाले, सहाच झाल्या. बीपी त्या वेळी १३६/८६ होतं, गोळी वेळेवर घेतलेली, बाकी तिला काहीसुद्धा होत नव्हतं. एनएसटी लावला तर रेघ सपाट, चाळीस मिनिटं थांबलो तरी सपाट, आणि मध्येच ठोके खाली घसरले. त्याच रात्री सिझर केलं. मुलगी १ किलो ९०० ग्रॅम, दहा दिवस पेटीत होती, आता शाळेत जाते. ते बारीक आकडे नसते तर ती सकाळपर्यंत थांबली असती, कारण तिला स्वतःलाच सकाळपर्यंत थांबायचं होतं, कॅलेंडर बघून तिचा धीर सुटला.

नणंदेचं म्हणणं चूक आहे आणि ही चुकीची समजूत फार घरांत आहे. शेवटी शेवटी हालचालीची तऱ्हा बदलते, कोलांट्या कमी, ढकलणं-ताणणं जास्त, पण हालचाल थंडावत नाही. वार पुढच्या बाजूला असेल तर सुरुवातीला जरा कमी जाणवतं, तुझ्या रिपोर्टमध्ये अँटीरियर लिहिलंय का बघ, तरी ३१ व्या आठवड्याला तुझी एक सवय ठरलेली असणारच.

मशीन घेऊ नकोस. ठोके तर शेवटपर्यंत ऐकू येतात, हालचाल मंदावणं बऱ्याचदा त्याच्या आधी येतं. शिवाय घरी लावलं की कधी आपलीच नाडी किंवा वारेतला आवाज ऐकून माणूस निश्चिंत होतो. ठोके ऐकले म्हणून झोपी गेले, असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि ते मला विसरता येत नाही. हालचाल कमी वाटली तर काही तरी गोड खाऊन बघू, सकाळी बघू, असं नको, फोन कर आणि नीघ, रात्रीचे दोन वाजले असले तरी. जाऊन सगळं ठीक निघालं तर कुणी तुला हसणार नाही.

प्रश्न : बायकोला ३१ आठवडे चालू आहेत. रिपोर्टमध्ये नाळेच्या रक्तप्रवाहात अॅबसेंट एंड डायस्टोलिक फ्लो लिहिलंय, बाळ १ किलो १०० ग्रॅम. बीपी १५०/१००, लघवीत प्रोटीन. डॉक्टर म्हणतात अॅडमिट करा पण लगेच सिझर करायचं नाही. घरचे म्हणतात धोका आहे तर काढा बाहेर, आणि धोका नाही तर अॅडमिट कशाला. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का? आई म्हणते, काढायचंच असेल तर मुहूर्त बघून काढू.

हे पत्र आलं त्याच दिवशी मी यांना फोन केला, कारण या उत्तरासाठी अंक निघेपर्यंत थांबून चालणारं नव्हतं. त्या अॅडमिट झाल्या. बाकीच्यांना कळावं म्हणून इथे लिहितेय, त्यांच्या परवानगीनं.

बाळाचं हृदय दर ठोक्याला रक्त नाळेतून वारेकडे ढकलतं. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर सैल पडतं, तेव्हाही रक्त पुढे वाहत राहायला हवं. वार आतून आवळलेली, खराब झालेली असेल तर तो मधला प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, त्यालाच अॅबसेंट म्हणतात, आणि आणखी बिघडलं तर रक्त मागे फिरतं, त्याला रिव्हर्स्ड म्हणतात. स्क्रीनवर डोंगररांगेसारख्या लाटा दिसतात, दोन डोंगरांमधली खिंड भरलेली हवी, यांच्या रिपोर्टात ती खिंड खालच्या रेषेपर्यंत रिकामी होती.

मग लगेच का नाही काढत? कारण ३१ आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं, आतडी, मेंदू सगळं कच्चं, आणि पोटातला एकेक दिवस त्याच्या कामाचा. पण ते पोटात राहणंही आता बिनघोर नाही. या दोन्हींच्या मध्ये दोरीवर चालावं लागतं, आणि ते घरी राहून होत नाही. अॅडमिट झाल्यावर आधी फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं, बीटामेथासोनची २४ तासांच्या अंतरानं दोन किंवा डेक्सामेथासोनची १२-१२ तासांनी चार. ती पोटात असतानाच आईला द्यावी लागतात, पुरता परिणाम यायला पहिल्या इंजेक्शनपासून साधारण २४ तास तरी जातात, म्हणजे "लगेच काढा" म्हणणाऱ्या घरच्यांमुळे नेमका हा एक दिवस वाया जाऊ शकतो. मग रोज एनएसटी, दोन-तीन दिवसांनी डॉप्लर, त्यात डक्टस व्हिनोसस नावाची बाळाच्या यकृताजवळची बारीक शीर बघतात, ती बिघडली म्हणजे हृदयावर ताण आला. सगळं धरून राहिलं तर अॅबसेंट असताना साधारण ३३-३४ आठवड्यांपर्यंत, आणि रिव्हर्स्ड असेल तर ३०-३२ पर्यंतच नेतात. यातलं काहीही आईच्या तब्येतीपुढे चालत नाही, तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, छातीच्या खाली उजवीकडे दुखायला लागलं, प्लेटलेट्स घसरल्या, तर बाळ कितीही लहान असो, सोडवावंच लागतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, आणि बाळ ३२ आठवड्यांच्या आत येणार असेल तर त्याच्या मेंदूलाही त्याचा फायदा होतो.

दुसरा सल्ला जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे, पण ती तिथे खाटेवर असताना, तुम्ही फाइल घेऊन फिरा. एकच गोष्ट आधी विचारा, इथे एक किलोच्या बाळासाठी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आहे का, नसेल तर बाळ पोटात असतानाच हलवा, पोटापेक्षा चांगली अॅम्ब्युलन्स नाही.

मुहूर्ताचं मी आईंना नम्रपणे नाही म्हटलं. इथे रेघ सांगेल तीच वेळ.

(या बाई अॅडमिट झाल्यावर अकरा दिवस राहिल्या, बाराव्या दिवशी सकाळच्या एनएसटीत ठोके घसरले आणि सिझर झालं. मुलगा १ किलो २४० ग्रॅम. हे लिहिताना तो अजून एनआयसीयूतच आहे, नळीनं दूध घेतोय.)

प्रश्न : बीपी आहे म्हणून मीठ पूर्ण बंद केलंय आणि सासूबाई पलंगावरून उठू देत नाहीत. बरोबर आहे ना?

नाही. जेवणातलं नेहमीचं मीठ बंद करून गरोदरपणातलं हे बीपी उतरत नाही, उलट बेचव जेवण जात नाही आणि बाळाला कमी पडतं. शेव, पापड, लोणचं आवरा, इंदुरात शेव सोडा म्हणणं किती अवघड ते मला माहितीये, पोह्यांवर चिमूटभर चालेल, वाटीभर नको. दिवसभर पलंगावर पडूनही बाळाला फायदा होत असल्याचं दिसलेलं नाही, पायात रक्ताची गाठ व्हायची भीती मात्र वाढते. दुपारी डाव्या कुशीवर दोन तास, बाकी घरात हिंडा-फिरा. सासूबाईंना वाचून दाखवा, त्या काळजीपोटीच करतायत.

प्रश्न : नऊ महिन्यांत सात सोनोग्राफ्या झाल्या, बाळाला काही होणार नाही ना? आणि दर वेळी आधार कार्ड आणि फॉर्म कशाला?

सोनोग्राफीत एक्स-रे नसतो, आवाजाच्या लहरी असतात, डॉक्टरांना गरज वाटते म्हणून केलेल्या तपासण्यांनी बाळाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. फॉर्म एफ हा १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे भरावा लागतो, तो नसेल तर मशीन सील होऊ शकतं. दर वेळी सही करा, कंटाळू नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बीपीमुळे ३४ व्या आठवड्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्या दिवशी तपासणीला गेले होते, सगळं नॉर्मल सांगितलं होतं, तिसऱ्या दिवशी पोट दगडासारखं झालं आणि रक्त गेलं. आता पुन्हा दिवस राहिलेत, ९ आठवडे. मला तपासण्यांवर विश्वासच बसत नाही. सासरचे म्हणतात या वेळी डोहाळजेवण नको.

बाळा, तू लिहिलंयस त्यावरून बाळ जन्मायच्या आधीच वार गर्भाशयापासून सुटली असं वाटतं. बीपीत हे अचानक होतं, आणि हीच ती गोष्ट जी आदल्या दिवशीचा एनएसटी सांगू शकत नाही. मी शिकत होते तेव्हा सोमवारी एका बाईचा एनएसटीचा सुंदर पेपर मी स्वतः काढला होता, गुरुवारी पहाटे तिला आणली तेव्हा ठोके नव्हते. तो पेपर मी कितीदा काढून बघितला, त्यात काहीच नव्हतं, खरंच नव्हतं. तुझ्या डॉक्टरांनी तेव्हा खोटं सांगितलं नसावं आणि तूही काही चुकवलं नाहीस. तपासणीला दिसतं ते हळूहळू उपाशी राहणारं बाळ. अचानक सुटणारी वार तपासणीला दिसत नाही, ती तुला कळते, पोट कडक होणं, न थांबणारं दुखणं, रक्त, अशा वेळी तासाचाही उशीर न करता निघायचं.

आणि या वेळी तू नवव्या आठवड्यात लिहिलंस हे फार चांगलं, कारण आत्ता करण्यासारखं खूप आहे. बाराव्या आठवड्यानंतर आणि सोळाव्याच्या आत रोज रात्री कमी डोसचं अॅस्पिरिन, ७५ ते १५० मिलिग्रॅममधलं किती ते तुझे डॉक्टर ठरवतील, तुझ्यासारखा इतिहास असलेल्यांना ते देतातच, स्वतः मात्र सुरू करू नकोस. तेराव्या आठवड्याच्या आत एक सोनोग्राफी, तारीख पक्की करायला, पुढे बाळ लहान आहे की तारीखच चुकलीये हा वाद तिच्यावरच मिटतो. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजची रक्ततपासणी झालीये का विचार, नसेल तर करून घे. मधल्या काळात बीपी राहिलं असेल आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांग, गरोदरपणात ती चालत नाही, लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या चालतात. दुधाशिवाय कॅल्शियमच्या गोळ्याही हव्यात. घरी बीपीचं मशीन ठेव, पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय एकमेकांवर नको, दंड छातीच्या पातळीत, आणि पट्टा दंडाला बसणारा हवा, घट्ट पट्ट्यानं आकडा उगाच जास्त येतो. साधारण २८ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांनी वाढ बघतील, काही दिसलं तर लवकर-लवकर. बीपी वाढलं आणि बाकी सगळं बरं असलं तरी ३७ आठवडे झाले की बाळ सोडवायचं, चाळिसाव्याची वाट नाही बघायची. आणि बाळंत झाल्यावरही बीपी मोजत राहायचं, तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते सगळ्यात जास्त चढतं, नेमकी तेव्हाच सगळी घरी आलेली असतात आणि बाळाच्या कौतुकात आईकडे कुणी बघत नाही.

डोहाळजेवणाला डॉक्टर म्हणून माझी काहीच हरकत नाही. तुला हवंय का ते तू सांग, सासरच्यांनी नाही. करायचं असेल तर घरच्या घरी, खुर्चीवर बसून, गोळीची वेळ सांभाळून.

जुनी फाइल पहिल्याच तपासणीला घेऊन जा. तुझ्यासाठी ती उघडणं कठीण असेल, तर नवऱ्याला दे. एनएसटीचे कागद बहुतेक थर्मल पेपरचे असतात, दोन वर्षांत फिके पडतात, म्हणून आजच त्याला सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांग.